कार्बोरेटर संपला म्हणता, मग तो उघडणारा माणूस का सापडत नाही?



कारचा कार्बोरेटर काढून, साफ करून परत बसवण्याचा व्हिडिओ टाकला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "सर, मिक्स्चरचा स्क्रू किती फेरे सोडायचा?" दुसरा, "सर, आता सगळ्या गाड्या इंजेक्शनच्या आहेत. हे शिकून उपयोग काय?"

पहिल्याचं उत्तर व्हिडिओत आहे. दुसरा प्रश्न धंद्याचा आहे, आणि तो विचारणारा मुलगा बहुतेक वेळा खिशात पन्नास-साठ हजार घेऊन बसलेला असतो. म्हणून त्याचं उत्तर इथे निवांत लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. हे काम जरूर शिका. पण त्यासाठी कर्ज काढू नका, दुकानाच्या पाटीवर फक्त तेवढंच लिहू नका, आणि "स्प्रे मारून देतो, दीडशे द्या" हा धंदा तर अजिबात करू नका. का, ते आता बघू.

संपला म्हणजे नक्की काय संपलं?

मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ मध्ये. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी त्याच्याही आधीच्या. या सगळ्या कार्बोरेटरवाल्या गाड्या. २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या पेट्रोल कारमध्ये इंजेक्शन आलं. पद्मिनीचं उत्पादनही त्याच सुमारास थांबलं. म्हणजे नव्या कारमधून कार्बोरेटर जाऊन पंचवीस वर्षं झाली. इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर.

पण दुचाकीचं काय? १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, तेव्हा कुठे बहुतेक दुचाकी इंजेक्शनवर गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी शोरूममधून निघालेल्या बहुतेक साध्या बाइक आणि स्कूटर कार्बोरेटरवाल्याच होत्या. त्या आज तुमच्या गल्लीत उभ्या आहेत आणि अजून कित्येक वर्षं पळणार आहेत.

तिसरा गठ्ठा शहरातल्या मुलांच्या लक्षातच येत नाही. पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर, गवत कापायचं मशीन, पॉवर वीडर, पाठीवरचा फवारणी पंप. ही छोटी इंजिनं आजही मोठ्या प्रमाणात कार्बोरेटरवरच येतात. आणि शेतकऱ्याचं मशीन वर्षातून आठ महिने कोपऱ्यात पडून असतं, टाकीत जुनं पेट्रोल तसंच. मग ऐन गरजेच्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, पण मशीन काही सुरू होत नाही.

बीबीएला आम्हाला प्रॉडक्ट लाइफ सायकल शिकवायचे. उत्पादन वर चढतं, सपाट होतं, मग उतरतं. उतरत्या बाजारातून बाहेर पडा, असं उत्तर लिहिलं की मार्क मिळायचे. पेपरपुरतं ठीक आहे. पण छोट्या दुकानदाराने एक गोष्ट वेगळी मोजायला हवी. गिऱ्हाईक कमी होतंय की काम करणारे कमी होतायत? आणि दोन्हींपैकी जास्त वेगाने कोण कमी होतंय?

माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. काउंटरवर उभं राहिलं की गाडीच्या मालकाचं आणि मिस्त्रीचं दोघांचंही रडगाणं ऐकू येतं. कार्बोरेटर कानाने सेट करणारे जुने मिस्त्री साठीच्या पुढे गेलेत. त्यांच्या हाताखालची पोरं स्कॅनर लावायला शिकली. त्यात काही चूक नाही, पोट तिथेच आहे. पण ज्याच्याकडे १९९८ ची ८०० आहे तो माणूस तीन गॅरेज फिरतो आणि तिन्हीकडे ऐकतो, "साहेब, विकून टाका." त्याला गाडी विकायची नाहीये. त्याला ती सकाळी एका सेल्फला चालू झालेली हवी आहे.

या माणसाला कमी लेखू नका. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती पुन्हा करून घ्यावी लागते. या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. एवढे पैसे भरून, आरटीओत गाडी दाखवून जो माणूस जुनी कार ठेवतो, तो ठरवून ठेवतो. त्याला नीट काम करून देणारा भेटला तर तो घासाघीस कमी करतो आणि आपल्यासारखे आणखी दोघे घेऊन येतो.

पेट्रोल बदललं, जेट तेच राहिलं

काम वाढण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय या धंद्यात उतरू नका.

फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं. आज पंपावर बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. आता हिशोब बघा. वजनाने मोजलं तर एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला साधारण ९ भाग पुरते. म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला हवा कमी आणि इंधन थोडं जास्त लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपमध्ये सेन्सर असतो, तो बघून कॉम्प्युटर इंधन वाढवतो. कार्बोरेटरला डोळे नाहीत. जेटचं भोक कंपनीने जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेलं आहे, ते तेवढंच राहतं. मिक्स्चर पातळ होतं, थंड गाडी चालू व्हायला त्रास देते, ॲक्सिलरेटर दाबला की एक क्षण अडखळते.

दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत ते पाणी फ्लोट चेंबरच्या तळाशी बसतं आणि आतल्या धातूवर पांढरी भुकटी धरते. तिसरं, जुन्या रबराला आणि डायफ्रामला इथेनॉल सोसत नाही. रबर फुगतं किंवा कडक होऊन तडकतं.

त्यामुळे जुन्या कारच्या मालकाच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण म्हणून ड्रिल घेऊन जेट मोठं करून देणारे जे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका. जेट बदलायचं तर पुढच्या नंबरचं बदला. भोक एकदा वाढलं की ते परत लहान होत नाही.

गिऱ्हाईक पैसे कशाचे देतो?

इथे माझा बऱ्याच गॅरेजवाल्यांशी वाद होतो. त्यांचं म्हणणं, "चार नट काढायचे, हवा मारायची, परत लावायचे. त्याचे कोण हजार रुपये देणार?" मी म्हणतो, तुम्ही जे केलं त्याचे कोणीच देणार नाही. पण पूर्ण काम काय असतं ते एकदा नीट लिहून काढू.

आधी तपासणी. गाडी मिसिंग करते म्हणून लगेच कार्बोरेटर उघडायचा नसतो. स्पार्क प्लग काढा. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट असेल तर कमी जातंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. एअर फिल्टर बघा, पेट्रोल फिल्टर बघा, जुन्या गाडीत इग्निशनचे पॉइंट बघा. इंजिन चालू ठेवून एकेक व्हॅक्यूम पाइप चिमटीत दाबा. एखादा दाबल्यावर स्लो सुधारला तर दुखणं त्याच बाजूला आहे. कार्बोरेटर न उघडताच गाडी बरी झाली, तर तुमचं खरं कसब तिथे आहे.

मग काढणं. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सुटी करा. एअर क्लीनर काढा. हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या आणि प्रत्येक व्हॅक्यूम पाइपला नंबराची चिकटपट्टी लावा. मारुतीच्या कार्बोरेटरला इतके पाइप असतात की आठवणीवर विसंबणं वेडेपणा आहे. पेट्रोलचा पाइप काढला की त्याच्या तोंडात बोल्ट घाला. ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, वायरी सुट्या करा. नट काढून कार्बोरेटर सरळ वर उचला, कारण आत पेट्रोल असतं. आणि लगेच मॅनिफोल्डच्या तोंडावर स्वच्छ फडका लावा. एक वॉशर आत पडला की नफा सोडा, पूर्ण महिन्याची कमाई त्यात जाते.

टेबलावर अंड्यांचा रिकामा ट्रे ठेवा आणि काढलेला प्रत्येक भाग क्रमाने एकेका खणात टाका. फुकटचं साहित्य आहे, पण कामाचं. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते लिहा, मग काढा. जोर लावलात तर त्याचं टोक चेपतं. फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटलाय. नीडलच्या टोकावर गोल घर पडलं असेल तर ती बदला, नाहीतर पेट्रोल ओव्हरफ्लो होतच राहील. पिकअपला अडखळत असेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम उजेडात धरून भोक दिसतं का बघा. गाडी स्लोला बंद पडत असेल तर स्लो जेट आणि सोलेनॉइड आधी तपासा.

साफसफाई कार्ब क्लीनरने आणि हवेने करा, डोळ्यांवर चष्मा लावून. जेटमध्ये तार घालायची नाही. जेट पितळेचं, मऊ असतं. तारेने कचरा निघतो आणि सोबत मापही जातं. रबर आणि डायफ्राम क्लीनरमध्ये बुडवू नका. जुनं पॅकिंग परत लावू नका, किट नवीन घ्या. फ्लोटची उंची त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे मोजून लावा. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. अति जोर केला की खालची पट्टी वाकते आणि तिथूनच हवा शिरते.

परत बसवल्यावर इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण उघडलाय याची खात्री करा आणि मगच स्लो आणि मिक्स्चर सेट करा. शेवटी पीयूसीच्या मशीनवर आकडा बघा. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. कानाने झालेलं सेटिंग बरोबर की चूक, हे तो छापील कागद सांगतो. तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्या. तुमच्या तोंडी गॅरंटीपेक्षा त्याला जास्त वजन आहे.

आता पैशाचं बोलू

हे सगळं प्रामाणिकपणे करायला वेळ किती लागतो? तपासणी ४५ मिनिटं, काढायला ३०, उघडून साफ करायला ६०, जोडायला ४५, बसवून सेट करायला ४५, चालवून बघायला १५. झाले चार तास.

आता तुमच्या तासाची किंमत काढा. आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुम्ही तुमचे घाला. समजा भाडं, लाइट, हत्यारं, फोन मिळून महिन्याला १८,००० खर्च. तुमचा स्वतःचा पगार २०,०००. हो, स्वतःचा पगार धरायचाच. एकूण ३८,०००. महिन्याचे २५ दिवस, रोज प्रत्यक्ष बिल होईल असं काम चारच तास, कारण बाकीचा वेळ पार्ट आणण्यात, फोनवर आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यात जातो. म्हणजे महिन्याचे १०० तास. एका तासाचे ३८० रुपये.

चार तासांचे १,५२०. त्यावर १५ टक्के नफा धरला तर मजुरी १,७५० च्या घरात जाते. किट आणि क्लीनर वेगळे.

बाजारात कोणी ४०० रुपयांत करतोय म्हणून तुम्हीही ४०० लावले, तर चार तासांना तासाला १०० मिळाले. मग तुम्ही आपोआप काम छाटणार. तपासणी टाळणार, पॅकिंग जुनंच लावणार, पीयूसी बघणार नाही. गाडी आठवड्यात परत येणार. पाच गाड्यांपैकी एक जरी परत आली आणि तिच्यावर दोन तास फुकट गेले, तर ७६० रुपयांचा फटका बसतो, म्हणजे प्रत्येक गाडीमागे १५२. स्वस्त दर असाच आतून पोखरतो.

"पण सर, १,७५० कोण देणार?" सगळे देणार नाहीत, आणि सगळ्यांची तुम्हाला गरजही नाही. म्हणून दर तीन पायऱ्यांत लावा. पहिली पायरी फक्त तपासणी, तिचे ठरावीक पैसे, पुढचं काम तुमच्याकडे केलं तर बिलातून वजा. दुसरी, गाडीवरच होणारं फिल्टर, प्लग आणि स्लोचं सेटिंग. तिसरी, पूर्ण ओव्हरहॉल, किटसह, लेखी बिल, जुने पार्ट पिशवीत घालून परत, आणि महिन्याभराने एकदा मोफत तपासणी. गिऱ्हाइकाला निवड दिली की तो दरावर भांडण्याऐवजी स्वतःची गरज तपासतो.

बाइकचं आणि शेतीच्या मशीनचं काम यापेक्षा बरंच कमी वेळाचं आहे. रोजचा गल्ला तिथून येईल. कारचं काम तुमचं नाव करेल. दोन्ही एकाच टेबलावर, त्याच हत्यारांत होतं.

कुठे मी "नको" म्हणेन

माझं मत सरसकट सगळ्यांना लागू नाही. दिल्लीच्या पट्ट्यात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशाने निर्बंध आले. उद्या आपल्याकडे काय नियम येईल, यावर तुमचा ताबा नाही. शिवाय कारचा कार्बोरेटर दर वर्षी कमीच होणार, हे गणित कोणी बदलू शकत नाही. म्हणून या कामासाठी मुद्रा लोन काढून तीन वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेऊ नका. आधीच गॅरेज, बाइकचं दुकान किंवा पंप-मोटार दुरुस्ती असेल, तर त्यात हे जोडा. नव्याने सुरू करत असाल तर इंजेक्शनचं कामही सोबत शिका. एक डोळा स्कॅनरवर, एक हात जेटवर.

आणि आगीची व्यवस्था नसेल तर सुरूच करू नका. उघड्या परातीत पेट्रोल घेऊन पार्ट धुणं, बाजूला कोणीतरी विडी ओढतोय, हे चित्र अजून दिसतं. ड्राय पावडरचा अग्निशामक भिंतीवर, पेट्रोल झाकणाच्या डब्यात, आणि शटर बंद करून इंजिन कधीही चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

माझ्यावर विश्वास ठेवून पैसे घालू नका. वही घ्या आणि तीन ठिकाणी जा.

एक, तुमच्या भागातल्या दोन पीयूसी सेंटरवर. २००० च्या आधीच्या कार आठवड्याला किती येतात आणि किती नापास होतात, ते विचारा.

दोन, पाच गॅरेजमध्ये. "कार्बोरेटरचं काम आलं तर तुम्ही कुठे पाठवता?" एवढा एकच प्रश्न. दोघांनी जरी "कुठेच नाही, परत पाठवतो" म्हटलं तर समजा तुमची जागा रिकामी आहे. त्यांना सांगा, माझ्याकडे पाठवा, तुमचं कमिशन ठरवू.

तीन, एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे. चहा पाजा, आणि सहा महिने रविवारी हाताखाली बसू द्या म्हणून विनंती करा. तो जे कानाने ऐकतो ते कुठल्याच व्हिडिओत उतरत नाही, माझ्याही नाही. तुम्ही एवढंच करा, त्याच्या कानाला तुमची वही, फोटो आणि पीयूसीचा कागद जोडा. त्याच्याकडे हिशोब नव्हता, तुमच्याकडे असू द्या.

वहीत आकडे जमले की मग ठरवा. आकडे "नाही" म्हणाले तर तेही ऐका. सहा रविवार गेले असतील, पन्नास हजार वाचले असतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात कोरं बिल आणि तीन पायऱ्यांचं दरपत्रक कसं बनवायचं ते दाखवतो.